कुठवर ते लिहा

"खुंट्या धरून का सोडून?"

मुन्शीजींनी मला पहिल्याच भेटीत विचारलेला हा प्रश्न. मी तेव्हा धाराशिवला नवा होतो. दुकानांच्या पाट्या रंगवायच्या, मिळालंच तर एखाद्या घराला सफेदी द्यायची, असा माझा धंदा. नोकरी नव्हती, वरती कुणी मालक नव्हता. ज्याचं काम त्याच्याशी थेट बोलायचं, आठ-पंधरा दिवसांत उरकायचं आणि पुढचं दार धरायचं. एका किराणावाल्याचं घर रंगवायचं ठरलं तेव्हा तो म्हणाला, "चला, मुन्शीजीकडं जाऊन येऊ. मागनं कटकट नको."

ओट्यावर सतरंजी, सतरंजीवर उतरत्या झाकणाची लिहायची पेटी, आणि पेटीमागं चष्म्याची एक काडी दोऱ्यानं कानाला बांधलेला एक वाळका म्हातारा. मी म्हणालो, घर रंगवायचंय. त्यांनी टाक खाली ठेवला.

"कुठवर?"

"म्हणजे?"

"आतून का भायेरून? छत धरून? कोनाड्याच्या आतून बी? खुंट्या धरून का सोडून?"

खुंट्यांवर अर्धा तास गेला. किराणावाल्याच्या घरात सव्वीस खुंट्या निघाल्या, त्यातल्या दोन देवघरातल्या, त्यांना रंग लावायचा नाही असं त्याच्या बायकोकडून विचारून यावं लागलं. मग पाऊस आला तर किती दिवस थांबायचं. घरात कुणी वारलं तर किती दिवस थांबायचं. आणि शेवटी हे वाक्य, जे मी पुढं जन्मभर वापरलं: "रंग पसंत नसल्यास मालकानं पहिल्याच भिंतीवर सांगावं. चौथ्या भिंतीवर सांगितल्यास ऐकलं जाणार नाही." कागद उर्दूत लिहून झाला की मुन्शीजींनी तो मराठीत मोठ्यानं वाचला आणि म्हणाले, "आता तुमी सांगा, काय ऐकलं."

आम्ही दोघांनी शाळेतल्यासारखं पाठ म्हणून दाखवलं. बाहेर पडलो तेव्हा घर रंगवून झाल्यासारखा मी दमलो होतो.

ते निजामाचं राज्य. कचेरीचा सगळा कारभार उर्दूत. कचेरीच्या दाराशी अर्ज लिहून देणारे चार-पाच जण बसत, मुन्शीजी त्यांच्यात बसत नसत. पूर्वी ते कचेरीतच नकला उतरवत. ते सोडून घरच्या ओट्यावर बसले आणि सुटी कामं घेणाऱ्यांचे कागद लिहू लागले. गवंडी, सुतार, विहिरी खोदणारे, सनईवाले, माझ्यासारखे रंगारी. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती: एक कारागिराला, एक गिऱ्हाइकाला, तिसरी त्यांच्या लोखंडी पेटीत. आणि प्रत्येक कागदावर तारखा तीन. निजाम सरकारच्या फसली सालाची, आपली तिथी आणि इंग्रजी. मी एकदा विचारलं, एवढं कशाला? म्हणाले, "सरकारला फसली आठवतं, बायकांना तिथी आठवती, आन् येडशीच्या टेसनावर इंग्रजी. कुणाला कधी विचारावं लागंल, काय सांगावं."

लोक त्यांना कंटाळत. मीही कंटाळत असे. एकदा एक मुलीचा बाप सनईवाल्याला घेऊन आला. दिवस ठरला, वेळ ठरली, सनईवाल्याचं जेवण कुठल्या पंगतीला तेही ठरलं. मग मुन्शीजींनी नेहमीच्या थंड आवाजात विचारलं, "लग्न मोडलं तर?"

बाप ताडकन उठला. "तोंड सांभाळा मुन्शीजी!"

"बसा. तुमचं मोडू नये, आमीन. पन हा मानूस अक्कलकोटाकडून चालत येनार. दुसरं लगीन सोडून येनार. तुमचं मोडलं तर यानं त्या दिशी कुठं वाजवायचं?"

बाप गेला तो पुन्हा त्या ओट्याला आला नाही. लग्न छान झालं. मुन्शीजींना ते ऐकून बरं वाटलं, आणि मला वाटतं, थोडं वाईटही वाटलं.

त्यांच्या घरातली समोरची खोली मी भाड्यानं घेतली आणि सहा वर्षं तिथं राहिलो. भाड्याचा कागद झालाच. त्यात माझं गाव लिहिलं, अणदूर. खोलीत रंग कालवायचा नाही, हे लिहिलं. पाहुणा आल्यास दोन रात्री, हेही लिहिलं. मग थांबून त्यांनी स्वतःहूनच एक ओळ घातली: "भाडेकरूची आई आल्यास मुदत नाही."

घरात ते आणि त्यांची बायको, दोघंच. तिला मी चाची म्हणत असे. ठेंगणी, पान खाणारी, नवऱ्याच्या दुप्पट आवाजाची. मुन्शीजींनी बाज उन्हातून सावलीत ओढायला सांगितली की ती कंबरेवर हात ठेवून म्हणायची, "कुठवर ओढू? लिहून द्या आधी!" ते हसायचे नाहीत. बाजेकडं बघून खरंच विचारात पडायचे.

पाट्यांसाठी मला उर्दू अक्षरं लागत. अलिफ, बे, सीन, सगळी मुन्शीजींनी शिकवली. संध्याकाळी ओट्यावर पाटी घेऊन बसायचो. "पेंटर," ते म्हणायचे, "सीनला दात तीन असत्यात. तुमच्या सीनला पाच हायत. मानूस हाय का सुसर?" मला ते नेहमी अहो-जाहो करत, माझ्या वयाच्या तिप्पट असून.

त्यांचं हे वेड कुठून आलं ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून नाही. उन्हाळ्यातल्या दुपारी बोलता बोलता सांगून गेले. त्यांचे वडील दगडी कामाचे गवंडी. एका जहागीरदाराच्या दिवाणखान्यात त्यांनी सहा महिने खपून एक कमान उभी केली. जहागीरदार दौऱ्यावरून आला आणि म्हणाला, मी या भिंतीला सांगितलीच नव्हती, समोरच्या भिंतीला सांगितली होती. दोघांनाही आपलंच खरं वाटत होतं. "अब्बानं ती कमान सोताच्या हातानं पाडली," मुन्शीजी म्हणाले. "घरी आलं, थापी धुतली, तिला तेल लावून ठिवली. पुन्हा हातात धरली न्हाय. तीस वर्सं जगलं त्याच्यावर."

एवढं बोलून ते आत पाणी प्यायला गेले.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. त्या वर्षाचं मला फार सांगवत नाही. उन्हाळ्यात निजामाच्या बाजूच्या टोळ्या फिरत होत्या, गावं जळत होती. पावसाळा सरता सरता पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि मग मुसलमान घरांतली माणसं कड्या लावून बसू लागली. आमच्या गल्लीतली दोन घरं एका आठवड्यात रिकामी झाली. मुन्शीजी ओट्यावर बसायचे तसेच बसत, फक्त समोर कुणी नसे. बाहेरून आलेल्या नव्या अंमलदारांनी टोळ्यांत कोण कोण होतं याच्या याद्या करायला घेतल्या. यादीत खरे गुन्हेगार होते, आणि कुणीतरी कुणाच्या तरी कानात सांगितलं म्हणून पकडलेलेही होते.

त्यात एक मुसलमान गवंडी सापडला. ज्या आठवड्यात त्यानं गाव लुटलं असं म्हणत होते, त्या आठवड्यात तो तेर गावी एका वाण्याच्या घराला चुन्याचा गिलावा करत होता. कागद मुन्शीजींचा. त्यात काम कधी सुरू, कधी संपलं, आणि "कारागिराचा मुक्काम मालकाच्या पडवीत, जेवण मालकाकडं" इथवर सगळं होतं. मुन्शीजींनी पेटीतली प्रत काढली. तो वाणी लिंगायत, भित्रा म्हणून प्रसिद्ध, पण तो आपली प्रत वहीत घालून स्वतः धाराशिवला आला आणि अंमलदारापुढं सही ओळखून म्हणाला, "व्हय, माझ्याच पडवीत निजत व्हता." गवंडी सुटला.

हे झालं ते चांगलं झालं, पण त्याची बातमी पसरली.

तिसऱ्या दिवसापासून बायका यायला लागल्या. बुरख्यातल्या, लुगड्यातल्या, कडेवर पोरं घेतलेल्या. सगळ्यांचं मागणं एकच: आमच्या माणसाचा कागद काढा. बहुतेकांचा कागद नव्हताच. मुन्शीजी पेटी उघडून खरंच शोधत, सगळी चळत खालीवर करत, आणि मान हलवत. एक बाई मात्र उठेना. तिचा नवरा पिंजारी. खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव हिंडायचं, ज्याच्या दारात बोलावलं त्याच्या दारात बसून गादीचा कापूस पिंजून द्यायचा, संध्याकाळी पुढं निघायचं. एका गादीचा कागद कोण करतं? वैशाखातल्या पुनवेनंतरच्या बुधवारी तुळजापुराकडचं एक गाव जळलं होतं, त्यात त्याचं नाव घेतलं होतं.

"त्या बुधवारी ते अणदुरात व्हते चाचा," ती म्हणाली. "मला येऊन सांगितलं व्हतं. कुणाच्या घरी ते ठाव न्हाय."

मी दारात उभा होतो. मी अणदूरचा. मी काही बोललो नाही.

"कागद न्हाय, बेटी," मुन्शीजी म्हणाले.

"मग आता लिहा. तारीख मागची घाला. तुमचं अक्षर हाय, समदे मानतील."

मुन्शीजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "एक खोटा लिहिला की त्या गवंड्याचा बी खोटा व्हतो. या पेटीतला हरएक कागद खोटा व्हतो. न्हाय जमायचं."

ती ओट्याच्या कडेला बसली. बसून राहिली. चाचीनं तिला भाकरी दिली, ती तिनं खाल्ली. दुसऱ्या दिवशीही बसून. चाचीनं नवऱ्याशी बोलणं टाकलं. ताट त्यांच्यापुढं आदळायची आणि आत जायची. मुन्शीजी त्या बाईकडं पाठ करून बसले, मग तेही जमेना म्हणून आत जाऊन पडून राहिले. भर दुपारी, जे त्यांनी कधी केलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चाची माझ्या खोलीत आली. "बेटा, तुला त्यांचं अक्षर येतं. तू लिही."

"चाची, मी?"

"तिचा मानूस फाशी जाईल बेटा. ह्यांची पेटी सोन्याची हाय का?"

मी लिहायला बसलो. एवढ्या वर्षांनी खरं सांगायचं तर चाचीच्या शब्दासाठी मी बसलो नव्हतो. अणदूरला जाऊन दारोदार विचारायचं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. तिथं माझा थोरला भाऊ होता, आमचं घर होतं, आणि त्या दिवसांत कुणी मुसलमानाची बाजू घेऊन गावात आलं तर लोक कसे बघत तेही मी पाहिलं होतं. खोटा कागद लिहिणं मला त्याहून सोपं वाटलं.

अर्धा कागद झाला होता. दारात सावली पडली. मुन्शीजी. त्यांनी हात पुढं केला, मी कागद दिला. त्यांनी तो उजेडाकडं धरून सावकाश वाचला.

"अक्षर सुधरलं तुमचं," ते म्हणाले. "फाडा."

मी फाडला.

"तुमचं गाव अणदूर ना, पेंटर?"

"हो."

"मग तीन दिवस काय करत व्हता?"

रागावून विचारलं असतं तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्यांनी वेळ विचारावी तसं विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते छत्री घेऊन, टोपी घालून ओट्यावर उभे होते. वयाच्या सत्तरीत, तशा दिवसांत. चाचीनं पुरचुंडीत भाकरी बांधली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा नवऱ्याशी बोलली, "औषध घेतलं का?"

तुळजापूरपर्यंत मोटारीनं गेलो, पुढं बैलगाडीनं. गाडीवाला वाटेत दोनदा म्हणाला, कशाला जाताय बाबा. गावात शिरलो तेव्हा पारावरची माणसं बोलायची थांबली. मी पुढं, मागं दाढीवाला म्हातारा, त्याच्या मागं ती बाई. दिवसभर आम्ही दारं हिंडलो. वैशाखात पिंजारी आला होता का? आला असंल. कोणत्या दिवशी? कोण ध्यानात ठेवतंय. बऱ्याच जणांना आठवत होतं असं त्यांच्या डोळ्यांवरून मला वाटलं, पण अंगठा म्हटलं की ते आत जात. एक म्हातारा शेजारी मात्र पुढं झाला. "गरीब मानूस हाय तो. लिहा, म्या देतो अंगठा."

"तुमी त्याला त्या बुधवारी बघितलं?" मुन्शीजींनी विचारलं.

"न्हाय, पन बघितलं म्हणतो की."

"मग ऱ्हाऊ द्या."

ती बाई तेव्हा पहिल्यांदा ओरडली. "देतोय तो! घ्या की! देतोय तो!" मुन्शीजी पुढच्या दाराकडं चालू लागले.

शेवटचं घर आमचं होतं. मी ते शेवटी ठेवलं होतं.

भाऊ अंगणातच आडवा आला. "हे काय घेऊन आलास तू?"

मी सांगितलं. तो आवाज दाबून म्हणाला, "तू जाशील धाराशिवला. आमाला हितं ऱ्हायाचंय. ह्यांना घेऊन जा."

आई चुलीपासून उठून बाहेर आली. तिला ऐकायला कमी येई, पण पिंजारी हा शब्द तिनं ऐकला. "पिंजारी? आपल्याकडं आला व्हता की. बाळंतिणीची गादी पिंजली त्यानं."

"आई, तुला काय ध्यानात ऱ्हातंय," भाऊ म्हणाला.

मुन्शीजी लगेच पुढं झाले. "माई, कोणता दिस?"

"नातू झाला पुनवेच्या रविवारी. खंडोबाचा वार, म्हणून ध्यानात हाय. पाचवी पुजली बेस्तरवारी. तो पिंजारी पाचवीच्या आदल्या दिशी. दिस मावळस्तवर इथंच पिंजत व्हता. दुसऱ्या दिशी पूजा मांडली तर समद्या पाटावर कापूस. लई बोलले मी त्याच्या नावानं."

"पाचवीच्या आदल्या दिशी. म्हणजे बुधवार."

"व्हय."

"आई!" भाऊ म्हणाला. "अंगठा देऊ नको. गाव काय म्हनंल?"

आईनं पदराला हात पुसले. "कापूस माझ्या पूजेत पडला, बाबा. माझ्या डोळ्यानं बघितलं ते न्हाय कसं म्हनू?"

आता सरकारी कागद मराठीत लागत. मुन्शीजी जन्मभर मराठी बोलले, पण मराठी लिहायचा त्यांना सराव नव्हता. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. मागची तारीख नाही. आज अमुक दिवशी अमुक बाई सांगते की. नातवाचा जन्म, वार, पाचवी, कापूस. आईनं अंगठा दिला. तिनं सुइणीला बोलावलं, तिनंही दिला, ती त्या दिवशी घरात होती. एवढेच. दोन म्हाताऱ्या बायकांचे दोन अंगठे. वाचून दाखवलंही मीच. भाऊ गोठ्याकडं निघून गेला. पुढं दोन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही.

अंमलदारानं कागद घेतला, वरवर पाहिला, फायलीत घातला. "ठीक आहे," म्हणाला. त्याच्या टेबलावर तशा फायलींचा ढीग होता आणि तोही कित्येक दिवस झोपला नसावा असा दिसत होता.

पिंजारी सात महिन्यांनी सुटला. त्याच दिवशी बरेच जण सुटले. काहींचे कागद होते, काहींचे नव्हते.

मुन्शीजींकडं त्यानंतर फारसं कुणी आलं नाही. उर्दू कुणाला नको होती, मराठी लिहिणारे नवे लोक कचेरीशी बसले होते. मला सरकारी पाट्या रंगवायचं काम मिळालं. जुन्या उर्दू पाट्यांवर पांढरा हात द्यायचा आणि वर मराठी लिहायचं. काही पाट्या माझ्याच होत्या. संध्याकाळी परत आलो की मुन्शीजी विचारत, आज कुठली? मी सांगे. ते मान हलवत.

एका दुपारी तो पिंजारी आला. हडकलेला, एक पाय ओढत चालणारा. बायको धनुकली घेऊन मागं. चाचीला म्हणाला, "गादी काढा." अंगणात बसून पिंजू लागला. मध्ये मध्ये थांबायचा, दम खायचा, पुन्हा तार छेडायचा. कापूस हवेत चढून मुन्शीजींच्या दाढीवर, चष्म्यावर बसत होता. ते पुसत नव्हते.

तो गेल्यावर मी त्यांच्याजवळ बसलो. कित्येक महिने मनात होतं ते विचारलं.

"मुन्शीजी, आपल्या कागदानं सुटला का हो तो?"

"म्हाईत न्हाय."

"नसेल सुटला तर मग आपण गेलो कशाला? भाऊ तुटला माझा. त्या प्रवासानं तुम्ही महिनाभर अंथरुणाला खिळलात."

मुन्शीजींनी दाढीतला कापूस बोटांनी वेचून तळहातावर घेतला. मग ओट्याच्या कडेकडं हनुवटीनं खूण केली, जिथं आता कुणी नव्हतं.

"ती बसली व्हती ना, पेंटर."